ढोलाचा ठोका आणि दोन ओहमची फळी

तुमच्याकडे कधी असं झालंय का? मोबाइलला छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून गाणं लावलंय. हळू आवाजात सगळं छान. जरा आवाज वाढवला आणि नेमका ढोलाचा दणका आला, की सगळं गप्प! क्षणभराने पुन्हा सुरू. पुन्हा दणका, पुन्हा गप्प. आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो, "बोर्ड बिघडला. जास्त वॅटचा घ्यायला हवा."

आमच्या सोसायटीतल्या वानरसेनेनेही २०२४ च्या गणपतीआधी हाच निकाल दिला होता. वर्गणीसुद्धा काढून झाली होती. निकाल चुकीचा होता. तो का चुकीचा होता, हे शोधताना काय काय झालं ते आज सांगतो.

आमच्याकडे गणपतीत दरवर्षी मुलींची लेझीम असते. चौथ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आदल्या वर्षी ती हौसेने लेझीम घेऊन उभी राहिली होती. पण ठेका धरायचा कसा? तर शेजारणीच्या हातांकडे बघून. म्हणजे शेजारणीचा हात हलला, हिने तो पाहिला, मग हिचा हलला. दर वेळी अर्धा ठोका उशीर! बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. ऐकू येत नसलं तरी हसणं दिसतं ना. २०२४ साली तिने नावच दिलं नाही.

माझा भाचा तिच्याच वयाचा. दोघांची बालवाडीपासूनची दोस्ती. भांडणंसुद्धा खुणांनीच चालतात. त्याला ही गोष्ट फार लागली. तुम्ही ढोलताशा पथकाच्या जवळ कधी उभे राहिला असाल, तर तुम्हालाही ठाऊक असेल की ढोल कानात वाजतो त्याहून जास्त छातीत वाजतो. पायाखालची जमीनसुद्धा थरथरते. भाच्याच्या डोक्यात आलं, तोच ठोका सरळ पायांना दिला तर?

कल्पना वेडगळ नव्हती बरं का! स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या जगप्रसिद्ध तालवादिका आहेत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती. तरी त्या मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवत आल्या आहेत, आणि तेही पुष्कळदा अनवाणी उभं राहून. कारण नाद त्यांना पायांतून, अंगातून जाणवतो.

मग पोरांनी चार 'बेस शेकर' मिळवले. बेस शेकर म्हणजे शंकू नसलेला स्पीकर समजा. स्पीकरमध्ये तारेची एक गुंडाळी आणि लोहचुंबक असतं. गुंडाळीतून विजेची लाट गेली की ती मागेपुढे हलते आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू हवा ढकलतो. शेकरमध्ये कागदाऐवजी एक जड वजन हलतं. शेकर ज्या लाकडाला स्क्रूने आवळलेला असतो, ते लाकूडच मग हादरायला लागतं. आमच्या चारही शेकरांवर छापलं होतं, '४ ओहम, २५ वॅट'.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद अशा प्लायवूडच्या दोन फळ्या केल्या. प्रत्येकीच्या पोटात दोन शेकर. त्यांच्या लाल तारा एकत्र, काळ्या तारा एकत्र, आणि प्रत्येक फळीतून दोनच तारा बाहेर. सुतारकाकांनी खालून दुसरी प्लाय ठोकली, कडेने फेविकॉल भरला आणि फळ्या कायमच्या बंद करून टाकल्या. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला बोर्ड आणला तो आगपेटीएवढा. ५ व्होल्टवर चालणारा, दोन्ही बाजूंना ३-३ वॅटचा. उंदराने हत्तीचा पलंग हलवायला घ्यावा, तसा प्रकार झाला. फळीला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत!

मग आला दुसरा. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, '१०० वॅट'. खरं म्हणजे ते दोन बाजूंचे ५०-५० होते. त्याला वाय-फायच्या डब्याचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर लावला. दोन्ही फळ्यांच्या लाल तारा एका स्क्रूखाली, काळ्या दुसऱ्या स्क्रूखाली. आता गाणं एकच, ठोका एकच, मग बोर्डाच्या दोन बाजू कशाला वापरायच्या, असा त्यांचा हिशेब. ती मुलगी अनवाणी फळीवर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. भाच्याने ढोल लावला.

बाकीची पोरं बोर्डावरच्या निळ्या दिव्याकडे टक लावून बघत होती. बिघाड पहिल्यांदा पकडला तो तिने. डोळे उघडून तिने खूण केली, हात हलवला आणि एकदम मूठ मिटली. म्हणजे, "जोरात येतं, तेव्हाच थांबतं." हलके ठोके येत होते. मोठा दणका आला की फळी मेल्यासारखी गप्प. आणि बोर्डातून बारीकसा आवाज, टक... टक... टक...

आधी लोड विचारा

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर भाचा दारातच उभा.

"मामा, ३०० वॅटचा बोर्ड बघून ठेवलाय. वर्गणीत बसतो. घेऊ?"

"लोड किती आहे?"

"लोड म्हणजे?"

"बोर्डाने ज्याला हलवायचं ते. तुझ्या फळ्या. किती ओहमच्या आहेत?"

"४ ओहम. छापलंय की शेकरवर!"

"एका शेकरवर छापलंय रे. तुमचे शेकर चार आहेत."

भाचा म्हणाला, "मग चार चोक सोळा." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मामाला पाढे येत नाहीत की काय!

इथेच तर सगळी मेख आहे. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर जास्त. विजेत त्या जोराला आपण व्होल्ट म्हणतो. नळातून जे पाणी वाहतं, ती विद्युतधारा, ती मोजायची अँपिअरमध्ये. आणि नळ किती आवळलेला आहे, तो झाला रोध, म्हणजे ओहम. आता एकाच पाइपवर एक नळ असताना जेवढं पाणी वाहतं, त्याच्या शेजारी तस्सेच आणखी तीन नळ उघडले तर? पाणी चौपट वाहायला बघेल. म्हणजे एकूण अडथळा वाढला की कमी झाला? कमी झाला! आपल्या पुस्तकात यालाच समांतर जोडणी म्हणतात. ४ ओहमचे दोन शेकर समांतर जोडले की होतात २ ओहम. चार जोडले की उरतो फक्त १ ओहम.

सोळा कधी होतात? एका नळाचं पाणी दुसऱ्या नळात, दुसऱ्याचं तिसऱ्यात असं एकामागून एक सोडलं तर. ती एकसर जोडणी. तिथे ओहमची बेरीज होते. पोरांनी हिशेब केला एकसर जोडणीचा आणि तारा जोडल्या समांतर.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग सिमॉन ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. १८२७ साली त्याने आपलं पुस्तक छापलं, तेव्हा त्याच्याच देशात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. आपण त्याचा नियम तीन अक्षरांत पाठ करतो, पण नवा बोर्ड घेताना मात्र नेमका विसरतो.

चला, नियम लावून बघू. आपला अडॅप्टर १२ व्होल्टचा. मोठ्या दणक्याला बोर्ड जास्तीत जास्त १२ व्होल्टांची लाट फळ्यांना देऊ शकतो (थोडी गळती होते, ती सोडून देऊ). १२ भागिले १ ओहम म्हणजे १२ अँपिअर! आपल्या घरात पंख्या-दिव्यांसाठीचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, आणि गीझरसाठीचा जाडजूड १६ चा. आगपेटीच्या दुप्पट आकाराच्या बोर्डातून आणि अडीच रुपयांच्या तारेतून पोरं १२ अँपिअर मागत होती. अडॅप्टरवर लिहिलं होतं २ अँपिअर.

मग बोर्ड जळला का नाही? चिप शहाणी होती म्हणून. धारा धोक्याबाहेर गेली की ती स्वतःला बंद करते, जरा थांबते, पुन्हा डोकावून बघते. तीच ती टक-टक. हलक्या ठोक्यांना धारा कमी लागते, म्हणून ते बिनबोभाट जात होते. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने जे खुणेने सांगितलं, तेच खरं निदान होतं. बोर्ड बिघडलेला नव्हता. त्याच्याकडून भलतंच मागितलं जात होतं. आणि ३०० वॅटचा बोर्ड आणूनही, तो जर १ ओहमसाठी बनवलेला नसेल, तर तोही असाच टक-टक करत बसला असता. नाहीतर धूर!

आम्ही मल्टिमीटर काढला. तुमच्याकडे नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच. आधी त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकींशी भिडवलं, तर तो ०.३ दाखवू लागला. हा त्याच्या स्वतःच्या तारांचा रोध, तो वजा करायचा. एका फळीचा आकडा निघाला १.७. भाचा लगेच म्हणाला, "मामा, तू तर २ म्हणालास!"

बरोबर विचारलं त्याने. मल्टिमीटर मोजतो तो नुसत्या तांब्याच्या तारेचा रोध. गाण्याची वीज मात्र सारखी दिशा बदलत असते. तिला तारेचा रोध लागतोच, शिवाय गुंडाळी आणि चुंबक यांच्या ओढाताणीचाही अडथळा होतो. या दोहोंच्या गोळाबेरजेला इंपीडन्स म्हणतात. तो स्वराप्रमाणे कमीजास्त होतो. म्हणून ४ ओहम छापलेला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आगेमागे दाखवतो, आणि त्यात काही बिघाड नसतो. मीटरवर आकडा छापलेल्या आकड्याच्या निम्म्याने आला तर मात्र जोडणीत काहीतरी घोळ आहे असं समजा.

वॅट नावाची फसवी पाटी

आता त्या '१०० वॅट'वाल्या बोर्डाची गंमत ऐका. त्याच्यावरची चिप होती टीपीए ३११६. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीची ही चिप बाजारातल्या कितीतरी बोर्डांवर दिसते. तिचं माहितीपत्रक कुणालाही वाचायला मिळतं. त्यात लिहिलंय, एका बाजूला ५० वॅट, पण केव्हा? २१ व्होल्ट दिले आणि लोड ४ ओहम असला तर. १४.४ व्होल्ट दिले की तेच ५० चे होतात २५. आमच्यासारखे १२ दिले तर सतराच्या आसपास. बोर्ड तोच, चिप तीच, खोक्यावरची अक्षरंही तीच!

बरं, ते ५० तरी कसे मोजले? १० टक्के विकृती धरून. म्हणजे लाटेचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटायला लागलाय, तेव्हा मोजलेले. हे लबाडी करून लपवलेलं नसतं, पत्रकात स्वच्छ छापलेलं असतं. खोक्यावर तेवढं उतरत नाही. मला विचाराल तर खोक्यावर वॅट छापायलाच बंदी हवी, त्याऐवजी 'कमीत कमी इतके ओहम' एवढंच छापावं. पण मला कोण विचारतो!

तर त्याच पत्रकात आमच्या कामाची ओळ होती. या चिपची एक बाजू वापरायची असेल, तर लोड ३.२ ओहमपेक्षा कमी नको. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर चालेल, २ चा नाही आणि १ चा तर मुळीच नाही.

फळ्या तर फेविकॉलने बंद. आतली जोडणी बदलणार कशी? पण दोन तारा बाहेर होत्या ना! एका फळीची काळी तार दुसऱ्या फळीच्या लाल तारेला जोडली. उरलेली एक लाल आणि एक काळी तार बोर्डाला. २ अधिक २, झाले ४ ओहम. पाच मिनिटांचं काम. फक्त १२ व्होल्टांवर आता जोर कमी पडू लागला, कारण तीच १२ व्होल्टांची लाट आता ४ ओहमवर ३ च अँपिअर ढकलत होती. माझ्याकडे बंद पडलेल्या लॅपटॉपचा चार्जर होता, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा. तो लावला. शेंड्याला पावणेपाच अँपिअर, चिपच्या आवाक्यातले. लाट काही सारखी शेंड्यावर नसते, त्यामुळे सरासरी धारा याहून खूप कमी. क्षणभराची तूट बोर्डावरचे मोठे कपॅसिटर भरून काढतात, घरात पाहुणे आले की पिंप उपयोगी पडावं तसे.

ती फळीवर चढली. भाच्याने ढोल लावला. पहिल्या मोठ्या ठोक्याला ती जी दचकली, ती उडीच मारून खाली! मग हसत पुन्हा चढली.

वर्गणी शाबूत राहिली. पोरांनी त्याच संध्याकाळी भेळेची मागणी केली, पण पैसे दुसरीकडे लागणार होते. दुसऱ्या दिवशी तिने भाच्याला वहीत लिहून दिलं, 'मला घरी सराव करायचा आहे. एक फळी नेऊ?'

तपकीर गल्लीत

एक फळी म्हणजे २ ओहम! एकसर जोडायला दुसरी फळी नाही. आणि आमचा बोर्ड ३.२ च्या खाली चालत नाही. आता मात्र खरोखर नवा बोर्ड हवा होता, २ ओहमचा लोड पेलणारा. मी, भाचा आणि ती, असे तिघे पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो.

पहिल्या दुकानात काकांनी मोठा काळा उष्णताशोषक लावलेला बोर्ड पुढे केला. टीडीए ७२९४ चिप. दणकट चिप आहे, वाद नाही. पण तिला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्ट देणारा पुरवठा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा मोठा ट्रान्स्फॉर्मर आणि २३० व्होल्टांची उघडी जोडणी. मुलांच्या खोलीत ते मला नको होतं. शिवाय तो बोर्ड ४ आणि ८ ओहमच्या स्पीकरांसाठी. काका म्हणाले, "लावा हो, काही होत नाही." मी विचारलं, "२ ओहमला चालेल असं कुठे लिहिलंय?" काका शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दुकानात एक जुना मित्र भेटला, टीडीए २००३. ही चिप मोटारीतल्या रेडिओसाठी बनवलेली. आता मोटारीच्या स्पीकरांवर ४ ओहम का छापलेलं असतं, घरातल्यांवर बहुधा ८ का, कधी विचार केलाय? मोटारीत बॅटरी १२ व्होल्टांची, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. टाकी उंच नेता येत नाही! मग जास्त पाणी हवं तर काय करायचं? नळ मोठा करायचा. म्हणून मोटारीचे स्पीकर कमी ओहमचे केले, आणि त्यांच्या चिपांनाही तशी सवय लावली. टीडीए २००३ तर १.६ ओहमपर्यंत उतरते. तिच्या पत्रकातले आकडे भाच्याने वहीत उतरवून घेतले. १४.४ व्होल्टांवर ४ ओहमला ६ वॅट, २ ओहमला १०, आणि १.६ ला १२. तो म्हणाला, "ओहम निम्मे झाले तर वॅट दुप्पट व्हायला हवेत, ६ चे १२. मग १० च का?" कारण धारा वाढली की चिपच्या पोटातही जास्त व्होल्ट खर्ची पडतात आणि बाहेर तेवढे कमी पोचतात. हिशेबाने दुप्पट, पण हातात येतं त्याहून कमी. ओहम कमी करत गेलं की असं होतच जातं.

हा बोर्ड स्वस्त, साधा, चाललाही असता. पण जुन्या पद्धतीची चिप असल्यामुळे विजेचा बराच भाग उष्णतेत घालवते, आणि कमी ओहमला तर चांगलीच तापते. दहा वॅट दोन शेकरांत वाटले की पाच-पाच. आम्हाला थोडं जास्त हवं होतं.

तिसऱ्या दुकानात मिळाला तो पुन्हा टीपीए ३११६ चाच, पण 'मोनो' बोर्ड. यात चिपच्या दोन्ही बाजू बोर्ड बनवतानाच एकत्र बांधलेल्या असतात. दोन बैल एकाच गाडीला! धारा दोघांत वाटली जाते, आणि अशा जोडणीत चिप १.६ ओहमपर्यंतचा लोड पेलते. आमची फळी २ ची. थोडी ऐसपैस जागा राहिली. अशी जागा ठेवावीच, कारण इंपीडन्स छापलेल्या आकड्याच्या खालीही थोडा उतरतो.

थांबा, लगेच घेतला नाही. एकाच चिपचे दोन मोनो बोर्ड समोर ठेवले होते. भाच्याला विचारलं, कुठला? त्याने मोठा निळा दिवा असलेला उचलला. तिने दुसरा. आणि का, तर बोटाने दाखवलं. त्याच्यावरच्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या जाड होत्या, तारा आवळायचे स्क्रू मोठे होते, उष्णताशोषक चिपवर नीट बसलेला होता. अगदी बरोबर! धारा जास्त असली की तिच्या वाटेवर जे जे येतं ते सगळं जाड हवं. बारीक गुंडाळी चिपच्या आधी हात टेकते. कपॅसिटरवर किती व्होल्ट छापलेत तेही पाहिलं. चिप २६ व्होल्टांपर्यंत चालते, पण २४ व्होल्ट देणार असाल तर कपॅसिटरवर ३५ छापलेलं असावं, २५ नव्हे. घरासाठी आम्ही १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर घेतला. २ ओहमला १२ च व्होल्ट पुरतात, मोटारीसारखंच. बोर्ड ५०० रुपयांच्या आत आला. उरलेल्या पैशांत भेळ झाली.

तारेची गोष्ट मात्र राहिलीच होती. स्टेजवर आम्ही बोर्डापासून फळीपर्यंत पाच मीटर तार टाकली होती, बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. जायची पाच आणि यायची पाच, म्हणजे दहा मीटर तांबं. त्याचा रोध भरतो सुमारे ०.३४ ओहम. ४ ओहमच्या लोडला हे फार नाही, शंभरातले आठ भाग तारेत जातात. पण पोरांच्या त्या पहिल्या १ ओहमच्या जोडणीत? शंभरातले पंचवीस भाग तारच खाऊन टाकणार होती! म्हणून लोड जितका कमी ओहमचा, तितकी तार जाड आणि आखूड. घरी आम्ही दीड चौरस मिलिमीटरची, एक मीटरचीच ठेवली.

हे वाचून आज संध्याकाळीच कुणीतरी बोर्डाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या तारा एकत्र पिळून 'मोनो' करायला जाईल. मला माहीत आहे, कारण भाचा तेच करायला निघाला होता. अजिबात करू नका! दोन बाजू एकत्र करायच्या तर चिपला तशी आतून सूचना द्यावी लागते, ते काम बोर्ड बनवणाऱ्याचं. नुसत्या तारा पिळल्या तर एक बाजू दुसरीशीच भांडत बसते. आणि या चिपांमध्ये स्पीकरची काळी तारही 'शून्य' नसते, तिच्यातही लाट असते. म्हणून ती अडॅप्टरच्या उणे टोकाला किंवा दुसऱ्या बाजूच्या काळीला कधीच जोडायची नाही.

आईबाबांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. अडॅप्टर नेहमी बंद डब्याचा, तयार घ्यावा. २३० व्होल्टांची बाजू मुलांच्या हाताशी उघडी नको. आणि लॅपटॉपचा जुना चार्जर वापरणार असाल, तर त्याच्या पिनेचं आतलं टोक अधिक आहे की उणे, हे मल्टिमीटरने मोठ्या माणसाने आधी बघावं. उलटं जोडलं तर बोर्ड वाचण्याची आशा कमी.

गणपतीच्या पाचव्या दिवशी लेझीम झाली. दोन फळ्या शेजारी शेजारी, वर सतरंजी. त्यावर ती आणि तिची एक मैत्रीण. बाकीच्या मुली खाली. तोच ढोल मंडळाच्या लाऊडस्पीकरवर आणि तोच फळीत. पहिल्या ठोक्याला तिची लेझीम सगळ्यांबरोबर वाजली. आता एक मजा सांगतो. लाऊडस्पीकर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, सतराएक मीटरवर होता. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे बाकीच्या मुलींच्या कानापर्यंत ठोका पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागत होता. फळीत मात्र ठोका तारेतून तत्काळ हजर. डोळ्यांना कळणार नाही इतकाच फरक, पण त्या दिवशी आधी ठोका मिळत होता तो तिला!

आता एक फळी चौथ्या मजल्यावर तिच्या खोलीत असते. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले होते. त्यांच्या कपाटातल्या कपबशा आपोआप किणकिणत होत्या आणि आजी भूकंप, भूकंप म्हणत जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मग आम्ही फळीच्या चारही कोपऱ्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे घडी घातलेले तुकडे लावले, आणि सरावाची वेळ ठरवली, संध्याकाळी पाच ते सहा. त्या वेळात आजोबा फिरायला जातात. आजी मात्र हल्ली मुद्दाम वर येऊन चपला काढून फळीवर उभ्या राहतात. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे.